गुप्त दान म्हणून परत केलेले पैसे

इंदूरहून एका ताईंचं मोठं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून त्याचा सारांश देत आहोत.

ताई पंचेचाळिशीच्या. घरी मराठी, चर्चमधली उपासना हिंदी. तिथल्या महिला मंडळाच्या त्या खजिनदार आहेत. चार वर्षांपूर्वी, जानेवारीत, आधीच्या खजिनदारांकडून त्यांनी कारभार घेतला. या बाईंना सगळे ‘मावशी’ म्हणतात. नाताळच्या फराळविक्रीचे पैसे पत्र्याच्या डब्यात होते. मावशी म्हणाल्या, “मोजून घे गं.” ताई म्हणाल्या, “काय मोजायचं, मावशी!” पुढच्याच महिन्यात नवऱ्याच्या शस्त्रक्रियेसाठी हॉस्पिटलने डिपॉझिट मागितलं आणि ताईंनी त्या डब्यातले 38,000 रुपये उचलले. परत ठेवायच्या आधीच वार्षिक सभा आली, तूट निघाली. कुणीतरी म्हणालं, “जुन्याच हिशेबात घोळ असेल.” ताई गप्प राहिल्या. मावशींनी हळूहळू चर्चला येणं सोडलं. दीड वर्षात ताईंनी सगळी रक्कम भरली आणि वहीत नोंद केली, ‘गुप्त दान’. त्या अनाम दात्यासाठी सभेत प्रार्थनाही झाली.

आता लेंतमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या महिला सभेत ‘पश्चात्ताप’ या विषयावर साक्ष द्यायला, म्हणजे स्वतःचा अनुभव सगळ्यांसमोर सांगायला, अध्यक्षबाईंनी नेमकं ताईंनाच सांगितलं आहे. त्या लिहितात, “देवापाशी रडून क्षमा मागितली. पैसे भरले. दर शुक्रवारी उपास करते. पाळकसाहेब म्हणतात, देव आपली पापं समुद्राच्या तळाशी टाकतो. मग मला शांती का नाही? मुलीच्या लग्नाचं बोलणं चालू आहे. आता हे उकरून काढणं देवाला तरी हवं असेल का? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं सासूबाई म्हणायच्या.”

ताई, सलाम.

आधी त्या वहीबद्दल बोलू. पैसे परत केले म्हणजे तो भाग संपला, असं तुम्ही धरून चालला आहात. पण नोंद पुन्हा बघा. चार वर्षांपूर्वीच्या पानावर 38,000 ची तूट आहे, मावशींच्या हातून आलेल्या रकमेत. पुढच्या कुठल्या तरी पानावर जमेच्या बाजूला तेवढीच रक्कम आहे, गुप्त दान म्हणून. उद्या कुणी ती वही चाळली तर त्यात चोर मावशी आहेत आणि दाता तुम्ही. त्या प्रार्थनेला तुम्ही डोळे मिटून आमेन म्हणालात, हेही तुम्हीच लिहिलं आहे. मी विचारलं नसतं, तरी तुम्ही लिहिलंत. म्हणजे काय खुपतंय ते तुम्हाला ठाऊक आहे.

मंडळाचे पैसे मंडळाला मिळाले, हे चांगलंच झालं. पगारातून थोडे थोडे बाजूला काढून भरणं सोपं नव्हतं, तेही नवऱ्याचं आजारपण निस्तरत असताना. त्याची किंमत मी कमी करत नाही. पण त्या सभेत दोन गोष्टी गेल्या होत्या, पैसे आणि मावशींचं नाव. भरली गेली ती एकच.

“मी कुणावर आळ घेतला नाही, फक्त गप्प राहिले,” असं तुमचं वाक्य आहे. ताई, त्या खोलीत खरं काय ते माहीत असलेली एकटी बाई गप्प राहिली. बाकीच्यांचं गप्प बसणं अज्ञानाचं होतं, तुमचं तसं नव्हतं. घाबरून झालं असेल. नवरा हॉस्पिटलमध्ये, डोक्यात शंभर विचार, आणि समोरून अचानक सुटकेचा रस्ता दिसला. माणूस अशा वेळी गप्प बसतो हे मी समजू शकते. पण दुसऱ्या दिवशी, पुढच्या आठवड्यात, मावशींची जागा रिकामी दिसली त्या रविवारी बोलता आलं असतं. पैसे उचलणं ही एका दुपारची गोष्ट होती, गप्प राहणं चार वर्षं चालू आहे. माझ्या मते दुसरंच जड आहे, आणि तुमच्या पत्रात त्याला दीड ओळ मिळाली आहे.

आता शांतीचं. मन स्वस्थ झालं म्हणजे क्षमा झाली, अस्वस्थ आहे म्हणजे देवाने अजून ऐकलं नाही, हा आपल्या मंडळ्यांमधला जुना गैरसमज आहे. पाळकसाहेब बायबलमधल्या मीखाच्या पुस्तकातलं जे सांगतात ते खरं आहे, त्यात मी एक अक्षर वजा करणार नाही. ख्रिस्ताने दिलेली क्षमा तुम्हाला मावशींच्या दारात जाऊन कमवायची नाही. ती कमवता येतच नाही. पण क्षमेचा निरोप आणि केलेल्याचा निस्तार या दोन गोष्टी पवित्र शास्त्रात पुष्कळदा एकाच श्वासात येतात. दावीद राजा नाथान संदेष्ट्यासमोर म्हणाला, मी पाप केलं आहे. नाथानाने लगेच सांगितलं, परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे. आणि त्याला लागूनच जे सांगितलं त्यात दाविदाच्या घराला पुढे काय भोगावं लागणार तेही होतं. क्षमा खरी आणि परिणामही खरे.

तुम्ही 51व्या स्तोत्राचाही आधार घेतला आहे, की पाप केवळ देवाविरुद्ध असतं आणि त्यालाच सांगायचं असतं. दावीद तसं म्हणतो खरं. पण ज्याची बायको नेली आणि ज्याला लढाईत पुढे उभं करून मारवलं, तो उरीया तेव्हा मेलेला होता. त्याच्याकडे जाऊन सांगण्याची सोय दाविदाला उरलीच नव्हती. मावशी सुदामा नगरात राहतात. तुमच्या घरापासून सिटी बसने जाता येतं.

जकातदार जक्कयाची गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकतो, झाडावर चढलेला बुटका माणूस एवढीच ती लक्षात राहते. तिच्यातला क्रम बघा. येशूने आधी काही अट घातली नाही. ‘आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे’ असं म्हणून तो त्याच्या घरी गेला, लोक कुरकुरले तरी गेला. मग जक्कय उभा राहिला आणि रकमेत बोलला, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवलं त्याला चौपट. स्वीकार आधी मिळाला, हिशेब नंतर आला. आणि तो हिशेब त्याने गुप्त दानात घातला नाही. ज्याला फसवलं त्याला, असं म्हणाला.

येशूला पकडून देणाऱ्या यहूदाचं उदाहरण देताना मी जरा थांबले, कारण ते कठोर वाटेल. पण ते तुमच्या प्रश्नाच्या फार जवळ आहे म्हणून देते. मत्तयाच्या 27व्या अध्यायात यहूदाला पस्तावा होतो. तो चांदीची 30 नाणी परत नेऊन देतो. मी पाप केलं, असं तोंडाने कबूलही करतो. पैसे परत, पापकबुली झाली, दुःख तर एवढं की ते त्याला पेलवलं नाही. पण तो गेला मुख्य याजकांकडे, आणि ते म्हणाले, आम्हाला त्याचं काय? येशूचा शिष्य पेत्र, त्यानेही यहूदाने पकडून दिलं त्याच रात्री येशूला तीनदा नाकारलं होतं आणि तोही ढसाढसा रडला. पुढे सरोवराच्या काठी, कोळशाच्या विस्तवापाशी, ज्याला नाकारलं त्याच्यासमोर तो बसला आणि प्रश्नांची उत्तरं देत राहिला. दोघांत कोणाचं दुःख मोठं होतं हे मला सांगता येणार नाही. ते दोघे गेले कुठे, एवढंच दिसतं.

शुक्रवारचा उपास तुम्हाला मनापासून करावासा वाटत असेल तर करा. फक्त तो हप्ता समजून करू नका. यशयाच्या 58व्या अध्यायात उपास करणाऱ्यांना देव जे सुनावतो ते एकदा सावकाश वाचा. तुम्ही शुक्रवारी उपाशी राहता त्याने मावशींच्या घरी काहीच बदलत नाही.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं आणि तुम्ही त्या दिवशी मुलांच्या वर्गाची पाळी मागून घेता, हे वाचून मला वाईट वाटलं. मत्तयाच्या 5व्या अध्यायात येशू सांगतो की वेदीपाशी आल्यावर भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण वाहा. अर्पण घरी घेऊन जा, असं तो म्हणत नाही. परत यायचं आहे हे त्याने धरलेलंच आहे. तुम्ही चार वर्षं ना वेदीपाशी जाता, ना भावाकडे. मधल्या वर्गात मुलांना रंगीत खडू वाटत बसता.

आता करायचं काय. झाकली मूठ तशीच ठेवणं हा एक मार्ग आहेच. त्या मुठीत फक्त तुमची अब्रू असती तर मीही कदाचित म्हटलं असतं की देवापाशी सांगितलंत, पैसे भरलेत, पुढे चला. पण तिच्यात मावशींची अब्रू आहे, आणि ती झाकून ठेवायचा अधिकार तुमचा नाही.

निनावी चिठ्ठी पाठवण्याचा विचार तुमच्या मनात येऊन गेला आहे. नको. सत्तरीच्या बाईंना ‘तुम्ही निर्दोष आहात हे मला माहीत आहे’ अशी सही नसलेली चिठ्ठी मिळाली तर त्या चर्चमधल्या प्रत्येकीचा चेहरा आठवत रात्र काढतील. पाळकसाहेबांनी परस्पर मिटवावं, हाही मला पळवाटेचा प्रकार वाटतो. त्यांना जरूर सांगा, तुमच्याबरोबर प्रार्थना करायला आणि पुढची कमिटीची बाजू सांभाळायला ते लागतील. पण मावशींना ते त्यांच्या तोंडून कळू नये.

आणि साक्ष? या वर्षी स्पष्ट नाही म्हणा. घसा बसलाय वगैरे सांगू नका. “या विषयावर बोलायची माझी तयारी अजून झालेली नाही,” एवढं पुरे, आणि ते खरं आहे. तुम्हाला वाटतंय की सगळ्यांसमोर एकदाच रडून सांगून टाकलं की सुटले. आपल्याकडच्या साक्षींची मला एक अडचण वाटते. पाप जुनं असतं, सांगणारी शेवटी उजळून निघते आणि ऐकणाऱ्या डोळे पुसत ‘प्रभूची स्तुती असो’ म्हणतात. त्या खोलीत मावशी नसतील. संध्याकाळपर्यंत कुणीतरी त्यांना फोन करून सांगेल. त्यांच्यावरचा डाग निघाला ही बातमीही त्यांना तिसरीकडून, तुमच्या धैर्याच्या कौतुकासकट ऐकावी लागेल.

तेव्हा पहिलं जाणं मावशींकडे. पण त्याआधी घरात नवऱ्याला सांगा. पैसे दिरांनी दिले, असं त्यांना चार वर्षं वाटतंय. स्वतःच्या ऑपरेशनचे पैसे कुठून आले हे त्यांना चर्चच्या पायरीवर कळू नये. त्यांना धक्का बसेल, रागही येईल. एखादा दिवस जाऊ द्या.

मावशींकडे एकट्या जा. बरोबर केक नको, फळं नकोत. त्यांच्या नातीची परीक्षा कशी झाली इथून सुरुवात नको. बसल्याबरोबर सांगा. “मावशी, डब्यातले 38,000 मी घेतले होते. सभेत तुमच्यावर संशय आला तेव्हा मला खरं माहीत होतं आणि मी बोलले नाही.” एवढीच दोन वाक्यं. ऑपरेशन, डिपॉझिट, हॉस्पिटलचा काउंटर, हे त्यांनी विचारलं तर सांगा, आपणहून नको. कारण आधी आलं की ऐकणाऱ्यावर समजून घेण्याचं ओझं पडतं. रडू आलं तर येऊ दे, पण त्यांनी उठून तुमच्यासाठी पाणी आणावं, पाठीवरून हात फिरवावा, अशी वेळ येऊ देऊ नका. त्या दिवशी सांत्वन मिळण्याची पाळी त्यांची आहे.

क्षमा मागा, पण उत्तर मागू नका. सत्तर वेळा सात वेळा क्षमा करण्याचं वचन तुम्ही त्यांना ऐकवायचं नाही. ते त्यांनी स्वतः वाचलं तर वाचोत. त्या दार लावून घेतील, किंवा मुलाला हाक मारून सगळं सांगतील. मला आधीच माहीत होतं, असंही म्हणतील. वयस्क बायकांना आपण समजतो त्याहून पुष्कळ ठाऊक असतं. यातलं काहीही झालं तरी तुमचं सांगणं वाया गेलं असं समजू नका.

मग एकच विचारा, “हे बाकीच्यांपर्यंत कसं पोचवू? तुम्ही सांगाल तसं करते.” संशय भर सभेत आला होता, म्हणून दुरुस्तीही तिथवर पोचायला हवी. किती लोकांना सांगायचं याला माझ्यापुरतं मोजमाप हेच आहे. इजा जिथपर्यंत गेली तिथपर्यंत सांगायचं, त्यापुढे जायची गरज नाही. सगळ्या इंदूरला कळायचं कारण नाही. त्या सभेतल्या बायकांना कळायला हवं. कमिटीला तुमच्या सहीचं पत्र द्या, सभेच्या इतिवृत्तात त्याची नोंद होऊ द्या, वहीतली ‘गुप्त दान’ ही नोंद दुरुस्त करून त्याखाली सही करा. खजिनदारपद त्याच दिवशी सोडा. पत्र देण्याआधी एखाद्या ओळखीच्या वकिलाला भेटा. विश्वासाने सोपवलेली रक्कम स्वतःसाठी वापरणं कायद्याने गुन्हा आहे, पैसे परत केल्याने तो आपोआप पुसला जात नाही. लपवण्यासाठी भेटा असं म्हणत नाही, पुढे काय होऊ शकतं ते डोळे उघडे ठेवून कळावं म्हणून.

बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या 6व्या अध्यायात दुसऱ्याची वस्तू दडपणाऱ्याने ती परत करताना वर पाचवा हिस्सा घालावा आणि ज्याची आहे त्याला द्यावी, असा नियम आहे. 38,000 वर 7,600 होतात. हा नियम आज तुमच्यावर बंधनकारक आहे असं मी म्हणणार नाही, आणि जक्कयाच्या चौपटीने 1,52,000 तर कुणी मागणार नाही. पण मूळ रक्कम जशीच्या तशी परत करून आपण बरोबरीवर आलो असं त्या कायद्यालाही वाटत नव्हतं, हे मला विचार करण्यासारखं वाटतं. दीड वर्ष मंडळाकडे ते पैसे नव्हते. तेव्हा कुणा विद्यार्थिनीची फी राहिली होती का, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

मुलीच्या लग्नाबद्दल मी खोटा धीर देणार नाही. बोलणं फिसकटू शकतं. आपला समाज लहान आहे, इकडचं नगर-जालन्यापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. पण ‘लग्न झाल्यावर सांगू’ म्हणाल तर पुढे सासरची मंडळी असतील, मग बाळंतपण, मग बारसं. मावशींचं वय थांबणार नाही. मुलगी मोठी आहे, तिलाही घरातच सांगा आणि तिचं म्हणणं ऐका. माझ्या अंदाजाने ती तुमच्यापेक्षा खंबीर निघेल.

अशीच पत्रं इतरांकडूनही येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. प्रत्येक पाप ज्याच्याविरुद्ध केलं त्याला जाऊन सांगावंच, असं मी म्हणत नाही. एखाद्याचा वर्षानुवर्षं मत्सर केला आणि त्याला त्याचा पत्ताही नाही, तर सांगून तुम्ही हलके व्हाल आणि तो जड होईल. तिथे देव आणि एखादी विश्वासू व्यक्ती पुरे. सांगितल्याने समोरच्याचं काही सुटतं की फक्त माझंच सुटतं, हे स्वतःला विचारून बघावं. कॅथलिक वाचकांना पापनिवेदनाची सोय आहे आणि तिथे सांगितलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत. पण पापांची क्षमा मिळाली तरी नुकसान भरून द्यायचं राहतंच, हे कॅथलिक शिकवणीतही आहे. दारू, जुगार, मोबाइलवरचं नको ते बघणं, अशा पुन्हा पुन्हा पडणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यावर स्वतंत्रपणे लिहीन.

आणि मंडळांच्या अध्यक्षबाईंनो, डबा बंद करा. दोन सह्यांचं बँक खातं काढा, कारभार देताघेताना दोघींसमोर मोजा आणि वहीत दोघींच्या सह्या घ्या. ‘काय मोजायचं, मावशी’ हे प्रेमाने म्हटलेलं वाक्य होतं. त्या दिवशी मोजून दोन सह्या झाल्या असत्या तर मावशींवर बोट दाखवायला कुणाला जागाच उरली नसती, आणि ताईंनाही डब्याला हात लावताना दहादा विचार करावा लागला असता.

ताई, मागच्या दिवाळीत राजवाड्यापाशी मावशी समोरून येताना दिसल्या आणि तुम्ही घाईने बांगड्यांच्या दुकानात शिरलात, असं लिहिलं आहे. आता न कळवता त्यांच्या दारात उभ्या राहू नका. आधी फोन करा, “एकटीनेच यायचंय, महत्त्वाचं बोलायचंय” एवढंच सांगा, आणि वेळ त्यांना ठरवू द्या. त्या दुपारी झोपतात, चारनंतरची वेळ देतील. झोप लागत नाही असंही तुम्ही लिहिलं आहे. ती दोन-तीन आठवड्यांत सुधारली नाही तर डॉक्टरांना दाखवा. पाळकसाहेबांना पुढच्या रविवारी नको, याच आठवड्यात भेटा.